आर्गनची काटकसर महाग पडते
– ऊस विकास अधिकारी, शेती खाते



ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, खोडवा, खत-पाणी यावर लिहावे, वेल्डिंगवर नव्हे, असे आपणास वाटेल. संपादक मंडळालाही तसेच वाटले होते. पण दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दुरुस्ती-देखभालीच्या खर्चावर बोलताना एका सभासदाने विचारले, "पाइप जोडायला रॉड लागतो हे समजतंय, पण ह्या वाऱ्यासारख्या गॅसवर एवढा पैसा कशापायी?" सभेने टाळ्या वाजवल्या. मीही मागे उभा राहून हसलो. त्या हसण्याची भरपाई म्हणून हा लेख समजावा.

पुढच्या बिगर हंगामात खर्चाला कात्री लागली. मिलकडून ज्यूस हीटरकडे कच्चा रस नेणारी स्टेनलेसची नवी पाइपलाइन झाली. ती ठेकेदाराने केली, वेळेत केली, बाहेरून टाके चांदीसारखे चमकत होते. मोळी टाकली, हंगाम सुरू झाला. त्यानंतरच्या मार्चमध्ये, भर उन्हाच्या कडाक्यात, एका सांध्यातून रस झिरपू लागला. क्लॅम्प मारून दोन दिवस भागवले. तिसऱ्या दिवशी दुपारी क्लॅम्पही दाद देईना आणि गाळप बंद पडले.

त्या दिवशी यार्डात मी होतो. ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यापर्यंत लागलेल्या. एक म्हातारे सभासद माझा हात धरून म्हणाले, "साहेब, तुम्हीच सांगता तोडल्यापासून चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडला पाहिजे. मग हे काय?" माझ्याकडे उत्तर नव्हते. दिवसाला २५०० टन गाळणारा कारखाना सहा तास थांबला तर ६२५ टन ऊस उन्हात उभा राहतो. वजन घटते ते तोडणी झालेल्या सभासदाचे. आतली साखर विघटते आणि उतारा बसतो, तो मात्र सगळ्यांचा. एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे हे मी सांगायला नको.

बरे, दुरुस्ती तरी एका दमात व्हावी? नाही. टाका मारला की त्याला मुंगीच्या वारुळासारखी भोके पडत. घासून पुन्हा मारला, पुन्हा तेच. शेवटी वर्कशॉपमधल्या जुन्या वेल्डर मामांना बोलावले. त्यांनी पहिल्यांदा काय केले असेल? उकाड्यासाठी लावलेला पेडस्टल पंखा बंद केला! मग पाइप उतरवून आतला रस पाण्याने धुऊन कोरडा केला, दोन्ही कडा घासल्या, स्वच्छ फडक्याने पुसल्या. तेव्हा कुठे टाका धरला.

नंतर मी चार दिवस संध्याकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. पदविकेला आम्हाला वेल्डिंग नव्हते, त्यामुळे प्रश्न अडाण्यासारखेच विचारले. त्यांनी समजावले ते असे. आपण ज्याला 'आर्गन मारणे' म्हणतो ते टिग वेल्डिंग. टॉर्चमध्ये टंगस्टनची काडी असते. टंगस्टन वितळायला सुमारे ३४०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, म्हणून ती काडी टिकते आणि खालचे लोखंड वितळते. भरणीची तार दुसऱ्या हाताने द्यायची. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून वरून आर्गनचे पांघरूण. अमेरिकेत १९४१ च्या सुमारास विमानाचे मॅग्नेशियमचे भाग जोडण्यासाठी रसेल मेरेडिथ यांनी ही पद्धत बसवली. तेव्हा हेलियम वायू वापरत. म्हणजे 'वाऱ्यासारखा गॅस' हाच या कामाचा जीव आहे. तो काढला तर उरते ती नुसती ठिणगी.

आता तो पाइप आतून कसा दिसत होता ते सांगतो. मामांनी सांधा कापून माझ्या हातात दिला. बाहेरून गुळगुळीत आणि आत काळ्या खरबरीत दाण्यांची कड, जणू करपलेली साखर. वेल्डर लोक याला 'शुगरिंग' म्हणतात. (साखर कारखान्याला नको असलेली साखर ती हीच!) स्टेनलेसला गंज चढत नाही तो त्यातल्या क्रोमियममुळे. टाका मारताना पाइपाच्या आतही धातू लालबुंद होतो. तिथे हवा असली तर क्रोमियम जळते आणि ती जागा उघडी पडते. आपला कच्चा रस आंबट. तो त्या खाचांत बसतो, कुरतडतो आणि खाचांत जंतूही वाढतात. पाइप स्टेनलेसचा, पण सांधा नावाचाच स्टेनलेस. यावर उपाय एकच आहे. दोन्ही टोके बंद करून पाइपाच्या आतही आर्गन सोडायचा, हवा बाहेर जाऊ द्यायची आणि मगच टाका मारायचा. हाच तो 'आतला गॅस' आपण वाचवला होता. ७ घनमीटरच्या एका सिलेंडरमध्ये ७००० लिटर गॅस. मिनिटाला १० लिटर धरला तर साडेअकरा तास पुरतो. त्याची किंमत आणि ६२५ टन उसाची किंमत आपणच मांडून पाहावी.

ज्या सभासदांच्या मुलांची ट्रॉली, फवारणी टाकी, गुऱ्हाळाच्या कढया यांची वर्कशॉप आहेत, त्यांच्यासाठी मामांचे आणखी काही बोल. टाक्यात भोके पडली की पहिल्यांदा गॅस वाढवू नका. जास्त गॅसने भोवरा होतो आणि तो बाहेरची हवा आत ओढतो. आधी वारा, तेल, ओल, नळीची गळती पाहा. टंगस्टनचे टोक वितळलेल्या धातूला टेकले की ते घाण झाले. तसेच रेटू नका, थांबून पुन्हा धार लावा, आणि धार काडीच्या लांबीच्या दिशेने लावा, आडवी लावली की आर्क भटकतो. टोक गोळा होऊन वितळायला लागले तर केबल उलट्या लागल्या असतील. पोलाद आणि स्टेनलेसला टॉर्च निगेटिव्हला हवी. लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरवू नये, पुढे गंजाचे ठिपके येतात. टाका संपवताना करंट हळूहळू उतरवा आणि टॉर्च लगेच उचलू नका, नाहीतर शेवटच्या खळग्यात चीर पडते. ३०४ स्टेनलेसला ३०८ एलची तार. स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचे असेल तर ३०९ एल.

टाक्याचा रंगही बोलतो. उसावर केवडा पडला की आपण पान पाहून लोहाची कमतरता ओळखतो, तसेच हे. सोनेरी पिवळा रंग चांगला. निळा-जांभळा असेल तर उष्णता जास्त किंवा गॅस कमी. राखाडी-काळा असेल तर ते काम नापास.

एक इशारा मात्र हसण्यावारी नेऊ नये. आर्गन हवेपेक्षा जड, त्याला वास नाही, रंग नाही. टाकीत किंवा खड्ड्यात तो तळाला साचतो आणि माणूस न कळत गुदमरतो. आर्गन सोडलेल्या टाकीत हवा खेळती करून, तपासून, बाहेर माणूस उभा केल्याशिवाय कोणीही उतरू नये.

माझे मत आता स्पष्ट सांगतो. यातला निम्म्याहून अधिक दोष टॉर्च पेटण्याआधीच होतो, साफसफाईत आणि घाईत. बेणे प्रक्रिया न करता लागण केली आणि मग उगवणीला दोष दिला, असे आपण करतो ना, तसेच. ठेकेदाराला दर इंच-डायावर मिळतो, म्हणजे जितके सांधे झटपट तितके पैसे. मग तो आतली हवा काढत कशाला बसेल? त्याच्या जागी मी असतो तरी बसलो नसतो. म्हणून रसाच्या आणि डिस्टिलरीच्या स्टेनलेस पाइपांचे बिल सांधा आतून पाहिल्याशिवाय निघू नये, आणि आर्गन ठेक्यात न धरता कारखान्याने स्वतः पुरवावा, असे मी व्यवस्थापनास लेखी कळवले आहे. खर्च वाढेल. येत्या सभेत त्यावर प्रश्न येईल आणि तो यावाही. दुसरे म्हणजे मामा पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत. बाहेरून माणूस आणण्यापेक्षा आयटीआय झालेली सभासदांची दोन-चार पोरे या बिगर हंगामात त्यांच्या हाताखाली घालावीत. इच्छुकांनी अर्ज गट कार्यालयात द्यावा.

तो कापलेला सांधा मी शेती खात्यात माझ्या टेबलावर ठेवला आहे. नोंदीला याल तेव्हा आत बोट घालून पाहा, पण जपून, कड हाताला लागते.