नऊने भाग जाणारा फरक

परवा भाचीने नोकरी सोडल्याचे सांगितले. खासगी बँक, पगार चांगला. ‘आमच्या वेळी...’ हे शब्द ओठांवर आले होते. ते गिळले हे बरे झाले.

रोज संध्याकाळी फोनवर सगळ्या शाखा एकत्र. ज्याची विम्याची विक्री कमी, त्याचे नाव घेऊन झाडाझडती. ‘‘मामा, कामाला मी कंटाळले नव्हते. चूक लपवायची कशी, एवढंच तिथे शिकत होते.’’

मी १९८२ साली सरकारी बँकेत लागलो. लेजरचा जमाना. संध्याकाळी ताळा जुळल्याशिवाय शाखा उठत नसे. फरकाला नऊने भाग गेला, की कुणाचे तरी आकडे उलटे पडले असणार, हे जुने लोक चटकन ओळखत. पहिल्याच महिन्यात ५४ रुपयांचा फरक आला. साहेब स्वतः व्हाउचरचा गठ्ठा घेऊन बसले, बटाटेवडे मागवले. रात्री नऊला सापडले : ८२ चे २८ मीच लिहिले होते. ‘‘आकडा लिहिला की बोट ठेवून वाचत जा,’’ एवढेच ते म्हणाले. त्या साहेबांसाठी मी पुढे रविवारीही शाखेत गेलो आहे. ओव्हरटाइम न मागता, बरे का!

मग बदली झाली. बँक तीच, पगार तोच, पेन्शनही तीच. पण इथे चुकीला मेमो. पाच वाजले की ‘माझे टेबल जुळले’ म्हणून जो तो पिशवी उचलायचा. जो काम करी त्याच्याच टेबलावर आणखी फायली. न करणाऱ्याला कोण हात लावणार? २००० साली स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पंधरा वर्षे सेवा किंवा चाळिशी पूर्ण असली की अर्ज करता येई. देशभरातून लाखभर लोक बाहेर पडले. आमच्याकडून गेले ते नेमके फायलींखाली दबलेले. माझाही अर्ज ड्रॉवरमध्ये भरून तयार होता. नोकरी पक्की असल्याने माणूस खुर्चीत राहतो. मन लावून राहतो की नाही, ते त्या खोलीतल्या हवेवर ठरते. सरकारी म्हणजे निष्ठा आणि खासगी म्हणजे पळापळ, ही वाटणी मला म्हणूनच पटत नाही. विमा विकायचे टार्गेट आता सरकारी शाखांतही आहेच.

भाचीला दुसरीकडे नोकरी मिळाली आहे. तीही खासगीच. पहिल्या आठवड्यात तिच्याकडून एक नोंद चुकली, तर साहेब शेजारी खुर्ची ओढून बसले म्हणे. पगार मात्र थोडा कमी. बहीण नाराज आहे. मी पेढे घेऊन गेलो होतो.