स्टेज डेअरिंग नाही, म्हणे!

17 सप्टेंबर. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. नायगावकडच्या एका शाळेत झेंडावंदन झालं आणि आठवीतल्या माझ्या पुतणीचं नाव पुकारलं गेलं. भाषण तोंडपाठ होतं, चार दिवस घरात दुसरं काही ऐकू येत नव्हतं. 'सन्माननीय व्यासपीठ' एवढं म्हणाली आणि थांबली. पुढं शब्दच फुटेना. खाली उतरली तेव्हा निकाल तयार होता : पोरगी हुशार आहे, पण स्टेज डेअरिंग नाही.

हा निकाल मला मान्य नाही.

छाती धडधडणं, तोंडाला कोरड पडणं, हात थरथरणं हे चार लोकांपुढं उभं राहणाऱ्या कुणालाच चुकलेलं नाही. शरीर सावध होतं, एवढंच. त्यावरचे उपायही साधे आहेत. मोठ्यानं सराव करावा, पहिली दोन वाक्यं पक्की ठेवावीत, श्वास सावकाश सोडावा. पण संध्याकाळी पोरीनं सांगितलं, "चाचा, माझं नाव घेतलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, आता रझाकार बोलणार. सगळे हसले." याला श्वासाचा व्यायाम काय करणार? समोर दगड बसलेत असं समजून बोल, म्हणतात. दगड हसत नाहीत, साहेब!

दुसरं हसू उच्चारांचं. आमच्या भागात कुठलाही शेतकरी 'पानी'च म्हणतो. त्याच्या तोंडी ते गावरान, आमच्या तोंडी मात्र मुसलमानी.

तिच्या भाषणात शोएबुल्लाखान होते. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक. हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावं असं लिहीत राहिले म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये रझाकारांनी त्यांचा खून केला. रझाकारांपुढं न झुकलेला हा मुसलमान त्या दिवशी शाळेला कळला असता. हसणाऱ्यांनी तेवढं स्वतःचंही नुकसान करून घेतलं.

आता आपल्या माणसांना विचारतो. मोहल्ल्यातल्या कार्यक्रमात आपण मुलींच्या हाती माईक कितीदा देतो? 'मुलीच्या जातीला एवढा आवाज बरा नव्हे' असं पाचवीपासून ऐकवायचं आणि आठवीत तिनं धडाधड बोलावं अशी अपेक्षा करायची! निम्मी भीती शाळेतली असेल, तर निम्मी आपणच घरून डब्यासोबत देतो.

फिरऔनकडं जाण्याआधी मूसा अलैहिस्सलाम यांनी अल्लाहकडं काय मागितलं, ते कुरआन वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. छाती मोकळी व्हावी, जिभेची गाठ सुटावी आणि भाऊ हारून सोबत असावा. पैगंबरांनीही सोबत मागितली. आपण पोरांना एकटं उभं करतो आणि वर डेअरिंग मागतो.

26 जानेवारीला ती पुन्हा बोलणार आहे. मी पहिल्या रांगेत बसेन. आणि सर, मागून कुणी हसलं तर आधी त्याला उभं करा. डेअरिंग तुम्हालाही लागेल.