बोटीत बसण्याआधी काठ पाहावा

परगावच्या सहलीचा शेवटचा दिवस बहुधा वाया जातो. सामान बांधायचे, खोली रिकामी करायची, खिशात उरलेल्या नाण्यांची काहीतरी किरकोळ खरेदी करायची आणि घड्याळाकडे पाहत बसायचे. संध्याकाळी नदीवरची बोट गाठायची असली तर विचारायलाच नको. बोट चुकेल या धास्तीने माणूस दुपारपासूनच धक्क्यावर जाऊन बसतो. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे असा एक दिवस आमच्या वाट्याला आला. तो आम्ही नदीच्या काठाकाठाने घालवला. पुढच्या सात रात्री बोटीत काढल्या, पण त्यापेक्षा हा एक दिवस आम्हाला जास्त शिकवून गेला. म्हणून या वेळी बोटीविषयी थोडे आणि काठाविषयी अधिक.

आम्ही म्हणजे नवरा-बायको दोघे, नोकरीतून निवृत्त झालेले. मुलगी जर्मनीत नर्स आहे. तिने पै-पै साठवून आमची तिकिटे काढली. खोली सर्वांत खालच्या मजल्यावरची, म्हणजे सर्वांत स्वस्त. ती पाण्याला इतकी लागून असते की तिची खिडकी उघडता येत नाही. आम्हाला त्याचे काहीच वाटले नाही. दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्या माणसांना ती खोली प्रशस्तच वाटली.

एक नदी, दोन गावे

डॅन्यूब ही युरोपातली मोठी नदी. जर्मनीतल्या डोंगरात उगम पावून सुमारे २८५० किलोमीटर वाहत ती काळ्या समुद्राला मिळते. वाटेत दहा देश तिला लागतात आणि चार राजधान्या तिच्या काठी आहेत: व्हिएन्ना, ब्रातिस्लावा, बुडापेस्ट आणि बेलग्रेड. बुडापेस्ट हे एक गाव नव्हतेच. डोंगरावरचे, राजवाड्याचे बुडा एका काठावर आणि व्यापाऱ्या-कामगारांचे सपाट पेस्ट दुसऱ्या काठावर. ही दोन्ही गावे आणि जुने बुडा १८७३ साली एक झाली.

पेस्टच्या काठाने दोन नंबरची ट्राम धावते. मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. ज्या वडीलधाऱ्यांनी ती पाहिली आहे त्यांना इथली पिवळी ट्राम पाहून आपला जुना काळ आठवेल. आम्ही सकाळी सामान बोटीवर दिले आणि दिवसभराचे तिकीट काढून ट्राम धरली. एक सूचना लक्षात ठेवा. इथे साधे कागदी तिकीट घेऊन भागत नाही, ते यंत्रात घालून त्यावर छाप उमटवावा लागतो. तसे केले नाही तर तिकीट खिशात असूनही दंड भरावा लागतो.

साठ जोड लोखंडी पादत्राणे

पहिला थांबा संसद भवनाचा. ही इमारत बांधायला १८८५ साली सुरुवात झाली आणि १९०४ साली ती पुरी झाली. लांबी २६८ मीटर, घुमटाची उंची ९६ मीटर. चार कोटी विटा आणि चाळीस किलो सोने लागले असे सांगतात. सोन्याचा हिशेब सांगणारे पुष्कळ भेटतात. विटा वाहणाऱ्यांची नावे मात्र कुठे लिहिलेली आम्हाला दिसली नाहीत.

भवनापासून पाण्याच्या कडेने दक्षिणेला तीनशे मीटर चालले की काठाच्या दगडावर पादत्राणे मांडलेली दिसतात. साठ जोड, सगळे लोखंडाचे. कुणाचे कामावर घालायचे जाड बूट, कुणा बाईची टाचेची पादत्राणे, कुणा लहान मुलाचे चिमुकले बूट. एखादा उलटा पडलेला, एखादा झिजलेला. लांबून वाटते, माणसे पोहायला उतरली असतील.

ती पोहायला उतरली नव्हती. मार्च १९४४ मध्ये जर्मन फौजांनी हंगेरी व्यापली. त्यानंतर मे ते जुलै या दोन महिन्यांच्या आत खेड्यापाड्यांतल्या चार लाखांहून अधिक ज्यू लोकांना आगगाडीत कोंबून पाठवण्यात आले. बहुतेकांना ऑशविट्झच्या छावणीत नेले. त्या गाड्या हाकणारे, याद्या करणारे, घरे रिकामी करून घेणारे कारकून आणि शिपाई मात्र हंगेरीचेच होते. ऑक्टोबरात ॲरो क्रॉस नावाच्या फॅसिस्ट पक्षाने सत्ता घेतली. मग राजधानीत उरलेल्या लोकांना त्याचे हत्यारबंद लोक रात्री काठावर आणून उभे करू लागले. आधी बूट काढायला लावत, कारण युद्धात चामड्याला किंमत होती. माणसाला नव्हती. मग गोळ्या घालून नदीत ढकलून देत. वाहून न्यायचे काम नदीनेच करायचे.

हे स्मारक २००५ साली झाले. चित्रपट दिग्दर्शक जान तोगाय यांची कल्पना आणि शिल्पकार ग्युला पाउअर यांचे काम. पुतळा नाही, चौथरा नाही, कठडा नाही. कुणी बुटात फूल ठेवते, कुणी मेणबत्ती लावते. एका लहान बुटात कुणीतरी गोळी ठेवली होती, वेष्टनासकट. सौ. तिथे बराच वेळ बसून राहिल्या. आम्हीही घाई केली नाही.

दोहानी रस्त्यावर युरोपातले सर्वांत मोठे ज्यू प्रार्थनामंदिर आहे, १८५९ साली बांधलेले, सुमारे तीन हजार माणसे बसतील एवढे. त्याच्या बागेत दोन हजारांवर माणसांना पुरलेले आहे. शेजारच्या वस्तीला कुंपण घालून त्यात सुमारे सत्तर हजार लोक कोंडले होते. त्या थंडीत भूक, गारठा आणि रोगराईने जे मेले त्यांना न्यायला दुसरी जागाच नव्हती. जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा आल्या तेव्हा ते कुंपण सुटले.

सरदारांनाही पथकर

नदीवरचा साखळदंडाचा पूल १८४९ साली खुला झाला. त्याआधी उन्हाळ्यात नावांचा पूल असे आणि हिवाळ्यात बर्फ वाहू लागला की येणे-जाणे बंद पडे. सेचेनी नावाच्या सरदाराला वडिलांच्या अंत्यविधीला जाण्यासाठी काठावर आठवडाभर थांबावे लागले, आणि तेव्हा त्याने पूल बांधायचा निश्चय केला, अशी हकिकत सांगतात.

पण आम्हाला त्या पुलाची दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटली. त्या काळी हंगेरीत सरदार-उमरावांना कर नव्हता. पुलाचा पथकर शेतकऱ्याने भरायचा, हमालाने भरायचा, आणि सरदाराने नुसते घोडे हाकत निघून जायचे. या पुलासाठी १८३६ साली जो कायदा झाला त्यात मात्र ठरले की पार जाईल त्या प्रत्येकाने पैसे द्यायचे, मग तो कुणीही असो. मोठमोठ्या घराण्यांचा त्याला विरोध झाला. पैशाचा प्रश्न नव्हताच, पैसे त्यांच्याकडे ढीगभर होते. हमालाच्या रांगेत उभे राहणे त्यांना झोंबले. पुढे १९४५ साली माघार घेणाऱ्या जर्मन फौजेने पूल उडवला. १९४९ साली, बरोबर शंभर वर्षांनी, तो पुन्हा उभा राहून खुला झाला.

दुपारचे जेवण १८९७ सालच्या मोठ्या मंडईत झाले. खाली भाजी, मांस आणि लाल मिरचीपुडीच्या माळाच माळा, वर खाण्याची दुकाने. तिथे लांगोश नावाचा मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचा तळलेला पदार्थ मिळतो. आपल्या भटुऱ्याचा थोरला भाऊच. वर लसूण आणि चीज घालून देतात. एक दोघांत पुरतो.

नेहरूंच्या नावाचा काठ

मंडईपासून काठाने दक्षिणेकडे चालत गेले की एक हिरवी जागा लागते. तिचे नाव आहे नेहरू काठ. भारताच्या पहिल्या पंतप्रधानांचे नाव तिथे वाचून बरे वाटलेच. पण तिथे जायचे कारण वेगळे होते. तिथे जिप्सी, म्हणजे रोमा लोकांचे स्मारक आहे. नाझी काळात मारल्या गेलेल्या रोमांचे. तेही २००५ सालचेच. लोखंडी बुटांपाशी माणसांची रीघ होती, इथे आम्ही दोघेच होतो.

हे रोमा कोण? सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज भारतातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरून विद्वानांनी सिद्ध केले आहे. रोमा भाषेत पाण्याला ‘पानी’ म्हणतात, कानाला ‘कान’, नाकाला ‘नख’, माणसाला ‘मानुष’. हंगेरीतले बहुतेक रोमा आज हंगेरियनच बोलतात, तरी त्यांची वस्ती गावाबाहेर आणि त्यांची मुले वेगळ्या वर्गात, हे चुकलेले नाही. चांगल्या-भल्या मुलांना मतिमंदांच्या शाळेत घातल्याबद्दल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१३ साली हंगेरीला दोषी ठरवले. दाद मागणारे दोन रोमा तरुण होते.

आणि आता आपल्या घरातली गोष्ट. हंगेरीच्या ईशान्य भागात शायोकाझा नावाचे गाव आहे. तिथे तिबोर देर्दाक आणि यानोश ओर्शोश या दोघांनी २००७ साली, शाळेतून बाहेर फेकल्या गेलेल्या रोमा मुलांसाठी एक शाळा काढली. ओर्शोश स्वतः रोमा. त्यांनी बाबासाहेबांविषयी वाचले, महाराष्ट्रात येऊन आपली चळवळ पाहिली, आणि शाळेला नाव दिले डॉ. आंबेडकर. आपल्या संस्थेचे नावही त्यांनी ‘जय भीम’ असेच ठेवले. ते गाव आमच्या एका दिवसाच्या टप्प्यात नव्हते. पण नेहरू काठावरच्या त्या स्मारकापुढे उभे राहून आम्ही दोघांनी मनोमन जय भीम घातला.

रात्रीचा देखावा

संध्याकाळी धक्क्यावर आलो. तिथे दोन-तीन बोटी एकमेकींना लागून बांधतात. त्यामुळे आपल्या बोटीत जायला दुसऱ्याच बोटीतून वाट काढावी लागते. पासपोर्ट खिडकीवर दिला, खोलीची किल्ली घेतली. अंधार पडल्यावर बोट प्रवाहाच्या उलट दिशेने निघाली. सगळे वरच्या मजल्यावर जमले. पूल उजळले होते, आणि उजव्या हाताला संसद भवन सोन्यासारखे झळकत होते. लोक एकामागून एक फोटो काढत होते. देखावा सुंदरच होता, त्यात वाद नाही.

पण त्या भवनाच्या जरा अलीकडे, पाण्यालगतच्या अंधाऱ्या कडेला ते साठ जोड होते. बोटीतून ते दिसले नाहीत. कुठे आहेत हे ज्याला ठाऊक असेल त्यालाच तिथे नजर वळवता येते. शेजारी उभ्या असलेल्या एका आजींना आम्ही हात करून ती जागा दाखवली. त्यांनी मोबाइल खाली घेतला आणि तिकडे पाहत राहिल्या.

तेव्हा आमचे सांगणे एवढेच. युरोपची बोट सर्वांना परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. पण पंढरपूर असो, पैठण असो की नाशिक, नदी सगळीकडे आहे. नावेतून, पुलावरून, गाडीच्या खिडकीतून नदीचा देखावा कुणालाही दिसतो. त्याआधी काठाने एकदा पायी चालावे. पूल कुणी बांधला, त्यावर कुणाला पाय ठेवू दिला नाही, पाण्यात कुणाला लोटले, हे विचारावे. मुलाबाळांना बरोबर न्यावे. आज रात्री घरातल्या नकाशात त्यांना डॅन्यूब शोधायला लावा, बुडापेस्टवर बोट ठेवा, आणि तिथून वर उजवीकडे कुठेतरी आपल्या बाबासाहेबांच्या नावाची शाळा निघाली, हे त्यांना सांगा.