उरलं किती?



हल्ली तरुण मंडळींमध्ये एक नवं वेड आलं आहे. मोहिमेवरच्या सैनिकांना मिळतो तो बंद पाकिटांतला शिधा मिळवायचा, उघडायचा, चाखायचा आणि त्याला दहापैकी गुण द्यायचे. अमेरिकेचा, फ्रान्सचा, कोरियाचा, ज्याचा मिळेल त्याचा. माझा पुतण्या बंगळुरूला नोकरीला असतो, त्यालाही याची लागण झाली आहे. दिवाळीला येताना त्याने तसल्या पाकिटांचा एक खोकाच आणला. म्हणाला, "काका, शाळेत इतकी वर्षं खिचडीची चव घेतलीत, आता हिची घ्या."

चव घेतली. ती कशी होती ते सांगतोच, पण मला खरं बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. दुसऱ्याला मोजून अन्न देणारा कोणीही असो, लष्कर असो की सरकार, त्याने 'दिलं किती' एवढंच मोजलं तर हिशेब अर्धा राहतो. 'उरलं किती' हेही मोजावं लागतं. फौजांना हे बऱ्याच अनुभवाने कळलं. आपल्या शाळांच्या पोषण आहारात ते अजून पुरतं उतरलेलं नाही, असं माझं मत आहे.

आधी एक खुलासा. खास सैन्यासाठी बनलेला, 'विक्रीसाठी नाही' असा शिक्का असलेला शिधा कोणी बाजारात विकत असेल तर तो घेऊ नये. तो कुणाच्या तरी वाट्याचा असतो. आमचा खोका तसला नव्हता. त्याच पद्धतीने बनवलेली, दुकानात उघडपणे मिळणारी पाकिटं होती ती. आपल्याकडे या पद्धतीवर मोठं काम केलं ते १९६१ साली म्हैसूरला सुरू झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने. राकेश शर्मा १९८४ मध्ये अंतराळात गेले, तेव्हा त्यांच्यासोबतचे भारतीय पदार्थ याच प्रयोगशाळेने तयार केले होते. तिथलं तंत्र पुढे खाजगी कंपन्यांना दिलं गेलं. आज किराणा दुकानात 'गरम करा आणि खा' म्हणून जी पाकिटं लटकलेली दिसतात, त्यांचं मूळ बरंचसं फौजेच्या मुदपाकखान्यात आहे.

तंत्र समजायला सोपं आहे. प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनियमच्या पातळ थरांच्या पिशवीत पदार्थ भरायचा, पिशवी सीलबंद करायची आणि मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात सुमारे १२१ अंशांपर्यंत तापवायची. आतले जंतू मरतात, बाहेरचे शिरू शकत नाहीत. मग पदार्थ फ्रीजशिवाय वर्षभर टिकतो. कल्पना जुनीच आहे. सैन्यासाठी अन्न टिकवायची युक्ती शोधणाऱ्याला फ्रेंच सरकारने बक्षीस लावलं होतं. निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचं लावून, त्या उकळून दाखवल्या आणि १८१० च्या सुमारास १२,००० फ्रँक मिळवले. अन्न असं का टिकतं हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. लुई पाश्चर तर जन्मालाही यायचा होता!

आता चवीचं. मी ठरवलं की घरात खुर्चीवर बसून हे खायचं नाही. फौजी शिधा चालणाऱ्या, ओझं वाहणाऱ्या माणसासाठी असतो. पेन्शनरने तो दिवसभर बसून खाल्ला तर डॉक्टरकडेच जावं लागेल. म्हणून कापसाच्या वेचणीच्या दिवसांत सकाळीच शेतात गेलो, सोबत पाकिटं. सौं.नी "भाकरी देऊ का बांधून?" असं तीनदा विचारलं. मी नाही म्हटलं. (तरी पिशवीत तळाशी दोन भाकरी आणि ठेचा निघालाच!)

सकाळी उपमा, दुपारी पुलाव आणि राजमा, चारच्या सुमारास सुजीचा हलवा. तीन दगडांची चूल, पातेल्यात उकळतं पाणी, त्यात पाच-सात मिनिटं पिशवी. शाळेतल्या सवयीने मी वहीत नोंदी केल्या. वास : बरा, मागे थोडा पिशवीचा. मीठ : आपल्या हातापेक्षा जास्त. शिजणं : गरजेपेक्षा जास्त, दाण्याला दाणा लागलेला. हलवा : गोड आणि तुपकट, पण चालून आलेल्या माणसाला आवडेल. एकंदरीत वाईट काही नाही. पोट भरलं, संध्याकाळपर्यंत भूक लागली नाही.

आमची शेती बटईनं करणारे गृहस्थ माझ्याच वयाचे आहेत. त्यांनाही अर्धा पुलाव दिला. त्यांनी तो शांतपणे संपवला, हात धुतले आणि म्हणाले, "गुर्जी, लागतंय चांगलं. पण रोज रोज नाही खाल्ल्या जायचं."

एवढ्या एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं, ते कळायला अमेरिकेच्या लष्कराला शेकडो माणसं आणि कितीतरी वर्षं लागली.

ती हकीकत सांगण्यासारखी आहे. १९३७ मध्ये पॉल लोगन नावाच्या अमेरिकी कॅप्टनने हर्शी या चॉकलेट कंपनीला सैनिकांसाठी एक वडी करायला सांगितली. वजन चार औंस, म्हणजे साधारण ११३ ग्रॅम. शक्ती ६०० कॅलरी. उन्हात वितळायला नको. आणि चव 'उकडलेल्या बटाट्यापेक्षा किंचित बरी' हवी, त्याहून चांगली नको! कारण वडी चविष्ट झाली तर सैनिक संकटाची वाट न पाहता ती आधीच फस्त करतील. संकटकाळच्या एका वडीसाठी हे ठीक होतं. पण रोजच्या जेवणाला हा विचार लागू पडत नाही.

पुढे अमेरिकेने पाकिटातलं संपूर्ण जेवण तयार केलं. १९८३ मध्ये हवाई बेटावर त्याची मोठी परीक्षा झाली. एका तुकडीला ३४ दिवस फक्त पाकिटं दिली. दिवसाला ३६०० कॅलरी हाताशी होत्या, पण सैनिकांनी सरासरी २२०० च्या आसपासच खाल्ल्या. दुसऱ्या तुकडीला गरम शिजवलेलं जेवण मिळत होतं, तिने २९०० च्या वर खाल्ल्या. कागदावर दोघांनाही भरपूर. प्रत्यक्षात एका तुकडीचा सुमारे चाळीस टक्के शिधा पोटात गेलाच नाही. सैनिकाला पुरेसं देऊनही तो पुरेसं का खात नाही, या एकाच प्रश्नावर पुढे तज्ज्ञांच्या समितीने १९९५ मध्ये अख्खा अहवाल लिहिला. कारणं साधी निघाली : तेच तेच पदार्थ, गार अन्न, निवांत बसून खायला न मिळणं, सोबत नसणं. या अहवालाच्या आगेमागे अमेरिकेने पाकिटात गरम करायची पुडी घातली, तिखट सॉसची इवलीशी बाटली घातली, शाकाहारी जेवण आणलं आणि बारा प्रकारांचे चोवीस केले.

आपल्या सियाचीनवर १९८४ पासून जवान आहेत. इतक्या उंचीवर मुळात भूकच मरते. तिथे तर शिधा पोचवण्याइतकंच तो घशाखाली उतरवणंही महत्त्वाचं.

आपल्या पूर्वजांना हे वेगळं शिकवावं लागलं नाही. आपल्या जालना जिल्ह्यातलंच असई घ्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेची वेलस्लीशी लढाई झाली. वेलस्लीचं अर्धं लक्ष तोफांवर, तर अर्धं धान्यावर आणि बैलांवर असायचं. त्याच्या फौजेला धान्य पुरवायला बैलांचे तांडे घेऊन बंजारे असत. म्हणजे फौज पोटावर चालते हे आपल्या मातीनेही पाहिलं आहे. आणि घरची शिदोरी पाहा. दुधात पीठ भिजवून केलेल्या, दोन-तीन दिवस मऊ राहणाऱ्या दशम्या. धपाटे. बाजरीच्या खारोड्या आणि शेंगदाणे. आणि आपलं मराठवाड्याचं येसर! धान्य-डाळी आणि मसाले भाजून दळून ठेवायचे, उकळत्या पाण्यात कालवून फोडणी दिली की आमटी तयार. हीसुद्धा 'गरम करा आणि खा' चीच जात. फरक इतकाच की ज्या बाईने शिदोरी बांधली, तिला संध्याकाळी फडकं सोडताना दिसायचं काय खाल्लं आणि काय परत आलं. दुसऱ्या दिवशी ती त्याप्रमाणे बदल करायची.

सरकारी शिध्याला हे परत आलेलं फडकं नसतं. १९७२ च्या दुष्काळात मी विशीत होतो. आमच्या भागात पाझर तलावाच्या कामावर मजुरांना सुकडी मिळायची. रेशनवर मायलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. त्या सुकडीने आणि मायलोने माणसं जगवली, हे मी कधीही नाकारणार नाही. पण मजूर बायका सुकडीचे दोन घास खाऊन बाकीची पदराला बांधायच्या, घरच्या लेकरांसाठी. कागदावर ती खडी फोडणाऱ्या बाईच्या पोटात गेलेली असायची.

आता शाळेकडे येतो. १९९५ मध्ये पोषण आहार योजना आली, तेव्हा ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. तो घरात किती तोंडांत वाटला जायचा ते सांगायला नको. २८ नोव्हेंबर २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेलं अन्न देणं भाग पडलं. हा फार मोठा, चांगला बदल होता. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं माप ठरलं. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची आणि नोंदवहीत लिहायची. निवृत्त होईपर्यंत मी ते काम केलं.

आमच्या वहीत तारीख होती, पटावरची संख्या होती, तांदूळ-डाळीचं वजन होतं, चवीचा शेरा होता. उरलं किती, हा रकाना नव्हता. मी तो वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःपुरता लिहायचो. कोथिंबीर, लसणाची फोडणी आणि शाळेच्या परसातला पालक पडला की पातेलं चाटून पुसून साफ. नुसती हळद-मिठाची पिवळी खिचडी सलग चार दिवस झाली की पाचव्या दिवशी पाव बादली शेळ्यांना. तांदूळ तेवढाच, डाळ तेवढीच, कॅलरी तेवढ्याच. पण पहिलीतल्या पोराच्या पोटात गेलेल्या कॅलरी त्या दिवशी कमी.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा. खरी भूक असेल तर पोरं खातील." हवाईतल्या त्या सैनिकांना भूक नव्हती का? दिवसभर डोंगर चढणारी ती धडधाकट माणसं होती, तरी त्यांनी खाल्लं नाही. मग सहा वर्षांच्या लेकराकडून जास्त अपेक्षा कशी करायची? आणि फुकट मिळतं म्हणून चवीबद्दल बोलू नये, हे तर मला मुळीच पटत नाही. गरिबाच्या लेकरालाही जीभ असते.

दुसरा आक्षेप माझ्या शिक्षक बांधवांचा असणार : "आणखी एक रकाना? आधीच काय कमी कागद आहेत?" बरोबर आहे. माहिती भरून भरून गुरुजी शिकवणार कधी? पण हा रकाना भरायला दोन मिनिटं लागतात. तांदूळ मोजायचा काटा शाळेत असतो, बादली असते. उरलेलं वजन लिहायचं, बस्स. आणि त्या आकड्यावरून शिक्षकाला किंवा स्वयंपाकीण बाईला नोटीस काढायची नाही, हे आधी ठरवायचं. नाहीतर सगळीकडे शून्यच लिहिलं जाईल! तो आकडा जास्त आला तर त्या शाळेला फोडणीला आणि भाजीला चार पैसे जास्त द्यायचे, पदार्थ बदलायचा, मुलांना विचारायचं. लष्कराने शिपायाला विचारलं, तसं आपण लेकराला विचारायचं.

असो. खोक्यातली तीन पाकिटं अजून शिल्लक आहेत, पुतण्याला हिशेब कळवला आहे. तुमच्यापैकी जे शाळेत आहेत किंवा ज्यांची नातवंडं शाळेत जेवतात, त्यांनी एक करून पाहावं. पोराला "आज काय मिळालं?" असं न विचारता "आज किती टाकलंस?" असं विचारा. रागावून नाही, सहज. उत्तर काय येतं ते मला जरूर कळवा.