वाटाड्याची मजुरी



सुगीची घाई आता सरत आली आहे. भात मळून कणगीत पडले, पेंढ्याच्या गंज्या रचून झाल्या, आणि आपल्या खानापूर तालुक्यातील ख्रिस्ती घरांतून एकच विषय कानी येऊ लागला आहे : यंदा गोव्याला कोण कोण जाणार? नोव्हेंबरच्या २४ तारखेस जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरची नोवेना सुरू होईल आणि ३ डिसेंबरला फेस्त. २०२४ सालच्या नोव्हेंबरात संताच्या पवित्र अवशेषांचे दशवार्षिक दर्शन खुले झाले, तेव्हा तर घराला कुलूप लावून अख्खी कुटुंबेच्या कुटुंबे घाट उतरली. तशी गर्दी दर वर्षी नसते. परंतु ज्यांना 'गोंयच्या सायबा'ची ओढ आहे, त्यांना दहा वर्षांचा हिशेब ठाऊक नसतो.

परत आल्यावर ही मंडळी मला भेटावयास येतात. "प्रवास कसा झाला?" असे मी विचारतो. उत्तर ठरलेले असते : "देवाच्या कृपेने सुखरूप झाला, फादर." हे उत्तर खरेच आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु त्याच्याच पाठोपाठ मी दुसरा प्रश्न विचारतो : "ती कृपा कोणाकोणाच्या हातून झाली?" येथे मात्र मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. कोणी म्हणतो, बसचा ड्रायव्हर चांगला होता. कोणी म्हणते, डिचोलीत कोणा बाईने मुलांना पाणी दिले. "तिचे नाव काय?" नाव कोणी विचारलेले नसते.

पवित्र शास्त्रातील तोबीतचा ग्रंथ आपल्यापैकी फार थोड्यांनी सबंध वाचला असेल. एका कुटुंबाच्या प्रवासाची इतकी घरगुती कथा शास्त्रात दुसरी नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो. निनवे नगरात हद्दपारीत राहणारा म्हातारा तोबीत आंधळा झाला होता. मेदिया देशात एकाजवळ त्याने ठेवलेली काही चांदी होती. ती आणण्यास त्याने आपल्या एकुलत्या एका मुलाला, तोबियाला, धाडायचे ठरवले. मुलाला वाट ठाऊक नाही, म्हणून वाटाड्या पाहिला. म्हाताऱ्याने त्याची कुळी विचारली, घराणे विचारले आणि मग मजुरी ठरवली : दिवसाला एक द्राख्मा आणि मुलाला जो वाटखर्च तोच त्यालाही, शिवाय सुखरूप परत आलात तर वर काही अधिक. मुलगा निघाला तेव्हा आई हन्ना रडली आणि नवऱ्याला टाकून बोलली, की त्या पैशावाचून आपले काय अडले होते! घरचा कुत्राही त्यांच्यामागे गेला. शास्त्रलेखकाने त्या कुत्र्याची आठवण ठेवली, हे मला फार आवडते.

पुढे काय काय घडले ते ग्रंथातच वाचा. मला सांगायचे आहे ते शेवटचे. मुलगा सून घेऊन आला, चांदी आली, म्हाताऱ्याला डोळे आले, मेजवान्या झाल्या. आता प्रार्थना व्हावी असे आपणांस वाटेल. परंतु तोबीत मुलाला हाक मारतो आणि म्हणतो, तुझ्याबरोबर आलेल्या त्या माणसाची मजुरी देऊन टाक आणि थोडी वरही दे. तेव्हा मुलगा बापापाशी एकेक गोष्ट मोजू लागतो : याने मला सुखरूप आणले, माझ्या बायकोला बरे केले, पैसे आणले, तुम्हांला दृष्टी दिली, आणलेल्यातील अर्धे त्याला दिले तरी माझे काही जात नाही. त्या दोघांना तो साधा मजूर वाटत होता. मजुरी पुढे केल्यावर मग तो त्यांना बाजूला घेऊन सांगतो की मी राफाएल, देवापुढे उभ्या राहणाऱ्या सात दूतांपैकी एक. देवाचे आभार माना आणि घडले ते सारे लिहून ठेवा.

हा क्रम ध्यानात घ्या. आपण घाईने देवाचे नाव घेतो आणि मजुराला विसरतो. त्या घराने मजुराचा हिशेब आधी काढला, आणि त्या हिशेबातूनच त्यांना देवदूत कळला. 'देवाची कृपा' हे शब्द कधी कधी आपल्या तोंडी माणसांचे ऋण झाकण्यासाठी येतात की काय, अशी शंका मला अलीकडे येऊ लागली आहे.

आपल्याच वाटेकडे पाहा. पायी जाणारे जांबोटीवरून कणकुंबीला पोचतात. तेथे मलप्रभेचा उगम आहे. ती पूर्वेस वळते, कृष्णेला मिळते आणि पार बंगालच्या उपसागरास जाते. त्याच परिसरातील दुसरे ओढे पश्चिमेस धावतात आणि म्हादईला मिळतात. ही म्हादईसुद्धा आपल्याच तालुक्यातील रानात जन्मते. गोव्यात तिला मांडवी म्हणतात, आणि जुन्या गोव्याच्या अगदी काठावरून ती समुद्राकडे जाते. म्हणजे ज्या देवमंदिराकडे तुम्ही तीन-चार दिवस पाय ओढत जाता, त्याच्या दारावरून आपल्या रानातले पाणी रोज वाहत असते. कणकुंबीला ओंजळभर पाणी पिताना कोणी या गोष्टीचा विचार करतो काय? मुलांना तरी ही जागा दाखवा. पुढे चोर्ला घाट, मग केरी, साखळी, डिचोली. या वाटेवर पायी यात्रेकरूंना चहा-पाणी देणारी घरे आहेत, आणि त्यांतील सगळीच काही आपल्या धर्माची नाहीत.

रेल्वेने जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. लोंढ्याहून गाडी कॅसलरॉकला येते आणि तेथे बराच वेळ थांबते. त्या थांबण्याला कंटाळून डब्यात कुरकुर सुरू होते. परंतु त्या वेळी गाडीचे ब्रेक तपासले जात असतात. कारण पुढे दूधसागरावरून कुळ्यापर्यंतचा उतार इतका आहे की सदतीस फूट पुढे जाताना गाडी एक फूट खाली जाते. चढताना तर जादा इंजिने जोडावी लागतात. पावसाळ्यात दरड कोसळेल म्हणून रात्री-अपरात्री रुळांवरून बत्ती घेऊन चालणारी माणसे असतात. खिडकीतून धबधब्याचे फोटो काढताना आपण रुळाच्या कडेला फावडे धरून उभा असलेला गँगमन पाहतोच असे नाही. एक हात हलवावा, त्याला दिसेल इतका. एवढे तरी कोणालाही करता येते.

आणखी एक गोष्ट जुन्या माणसांना आठवत असेल. हीच रेल्वे १९५५ साली सीमेवर बंद पडली होती. कॅसलरॉकपर्यंत भारत आणि त्यापलीकडे पोर्तुगीज अंमल. मामाचे घर त्या अंगाला आणि भाचे या अंगाला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावर तो मार्ग पुन्हा मोकळा झाला, आणि १९६४ साली अवशेषांचे दर्शन खुले झाले तेव्हा या बाजूची माणसे कोणाचा परवाना न मागता घाट उतरली. आज आपली मुले डुलक्या घेत ती सीमा ओलांडतात. ओलांडू देत. मात्र घरात कोणी ऐंशी-पंच्याऐंशीचे आजोबा असतील तर त्यांना गाडीत खिडकीशी बसवा आणि त्यांना बोलते करा.

आता ज्या संताकडे आपण जातो त्याच्याविषयी. झेवियरचा प्रवास आपल्या कल्पनेपलीकडचा होता. १५४१ च्या एप्रिलात, आपल्या पस्तिसाव्या वाढदिवशी, त्याने लिस्बन सोडले आणि १५४२ च्या मे महिन्यात तो गोव्यास पोचला. तेरा महिने, त्यांत मोझांबिकमधील दीर्घ मुक्काम आणि आजाऱ्यांची शुश्रूषा. पुढील दहा वर्षे तो दर्यावर्दी माणसासारखाच जगला, आणि १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळील सांशियान बेटावर वारला. युरोपातील त्याच्या सोबत्यांना पाठवलेल्या पत्राचे उत्तर येण्यास वर्षे लागत. १५४६ साली अंबोइना बेटावरून लिहिलेल्या एका पत्रात तो त्यांना कळवतो की, तुमच्या पत्रांवरील तुमच्या हातची नावे मी कापून घेतली आहेत आणि माझ्या व्रतवचनाच्या कागदासह ती सदैव जवळ बाळगतो. रुप्याच्या पेटीतील त्याचे अवशेष पाहताना मला नेहमी ही कागदाची कात्रणे आठवतात. इतका मोठा संत, ज्याला देव पुरेसा होता असे आपण समजतो, त्याला माणसांची नावे अंगावर वागवावीशी वाटली.

म्हणून यंदा यात्रेला निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला माझी एक विनंती आहे. राफाएलने लिहून ठेवावयास सांगितले आणि झेवियरने नावे जवळ बाळगली. तुम्हीही एक कागद आणि पेन्सिल पिशवीत टाका. ज्याने वाटेत मदत केली त्याचे नाव विचारा आणि लिहा. लिहिण्याचे काम घरातील शाळकरी मुलाकडे द्या. मोठ्या माणसांना नाव विचारण्याची लाज वाटते, मुलांना वाटत नाही.

परंतु त्या यादीत पहिली नावे वाटेवरची नसावीत. ज्या शेजाऱ्याच्या भरवशावर तुम्ही गोठा सोडून निघता, जो चार दिवस तुमच्या म्हशीला वैरण घालतो आणि धार काढतो, त्याचे नाव आधी. बहुधा तो आपल्या धर्माचा नसतो, आणि त्याच्या जत्रेच्या वेळी तुम्ही त्याचा गोठा सांभाळला होता, एवढ्यावर तो हिशेब फिटला असे तुम्ही समजता. प्रभू येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानावयास परत फिरला तो एकटा शोमरोनी, परका, होता. हे शुभवर्तमान आपण दर तीन वर्षांनी रविवारी ऐकतो. मग त्या घरातील स्त्री, जिने मध्यरात्री उठून सगळ्यांच्या भाकऱ्या भाजल्या आणि सासूबाईंना एकटे कसे ठेवावे म्हणून स्वतः मागे राहिली. यात्रेचे पुण्य कोणाच्या खाती किती जमा होते, हे देवाला ठाऊक. परंतु पुरुष मंडळींनी निघताना तिच्याशी दोन शब्द बोलावेत, आणि ते 'दाराला कडी लाव' याहून निराळे असावेत.

आपल्या धर्मग्रामातील एका मातेविषयी लिहू की नको, याचा मी पुष्कळ विचार केला. तिला विचारूनच लिहीत आहे. तिची मुलगी आजारी होती. मुलगी बरी झाली तर पायी गोव्यास येईन, असा तिने नवस केला होता. मुलगी बरी झाली नाही. सातव्या वर्षी ती गेली, आणि तिच्यावर अंत्यविधी मीच केला. त्यानंतरच्या नोव्हेंबरात ती बाई पायी निघालेल्या मंडळींत चपला हातात घेऊन उभी राहिली. कोणी दबक्या आवाजात म्हणाले, की नवस फळला नाही, मग ही कशाला निघाली? मलाही तिला समजावावे असे वाटले. कारण नवस म्हणजे काही देवाशी केलेला सौदा नव्हे आणि तो पूर्ण करण्याचे बंधन तिच्यावर उरले नव्हते. मी तसे म्हटले. ती म्हणाली, "फादर, सात वर्षं ती माझ्याकडं होती. त्याचं सायबाला कोणी सांगायचं?"

या प्रश्नावर धर्मशिक्षणाच्या पुस्तकातील उत्तर मला देता आले असते. मी दिले नाही. परतल्यावर तिने मला सांगितले की बॉम जेझूस बॅसिलिकेत तिने काही मागितले नाही. मुलीचे नाव घेतले, मग तिला अखेरपर्यंत तपासणाऱ्या नर्सबाईचे, मग शाळेतील बाईंचे, मग ज्याने रात्री दोन वाजता आपली जीप काढली त्या माणसाचे. रांग पुढे सरकू लागली तेव्हा तिची नावे संपली नव्हती. उरलेली नावे, ती म्हणाली, डिचोलीपर्यंत परत येताना घेत आले.

मिस्सेला ग्रीक भाषेत जे नाव आहे, त्याचा अर्थच मुळी उपकारस्तुती. तेव्हा रविवारी मिस्सेला येताना तुमचा कागद घेऊन या, आणि अर्पणाच्या वेळी त्यावरील नावे मनात वाचा; माझ्याकडे द्यावयास नको. निघण्यापूर्वी प्रवाशांचा आशीर्वाद ज्यांना हवा असेल त्यांनी मुलाबाळांसह वेदीपाशी यावे. मागे राहणाऱ्यांनीही यावे. आणि फेस्ताच्या पेठेतून खाजे आणाल तेव्हा एक पुडा अधिक घ्या. घरी पोचल्यावर पिशवी सोडण्याआधी तो ज्याने म्हैस सांभाळली त्याच्या घरी मुलाच्या हाती पाठवा. तोपर्यंत खाजे मऊ पडू देऊ नका.

तुमचा,
धर्मगुरू