झिका: आकडा पुण्याचा, पण पिंप प्रत्येक घरात

गोराई: पावसाळ्यात डास वाढले की इकडे दोष खाडीला आणि कांदळवनाला दिला जातो. झिका पसरवणारा एडिस डास मात्र खाडीच्या चिखलातला नाही. तो वाढतो घरच्या पिंपात, उघड्या टाकीत, होडीला बांधलेल्या जुन्या टायरमध्ये आणि ताडपत्रीच्या खळग्यात साचलेल्या पाण्यात. चावतो तोही दिवसा, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी अर्धंच काम करते. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा डासही हाच.

२०२४ मध्ये देशात झिकाचे १५१ रुग्ण नोंदले गेले. त्यातले १४० महाराष्ट्रातले आणि १२५ एकट्या पुण्यातले. मग हा पुण्याचाच आजार म्हणायचा का? तसं नाही. पुण्यात रुग्ण सापडले तिथल्या गर्भवतींचं रक्त तपासलं गेलं, म्हणून तिथला आकडा फुगला. लागण झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही. झालाच तर थोडा ताप, अंगावर पुरळ, डोळे लाल, सांधेदुखी, आणि आठवड्यात माणूस बरा. जिथे तपासणीच नाही, तिथे शून्य रुग्ण या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. राज्यातला पहिला रुग्णही शहरात सापडला नव्हता. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावची ५० वर्षांची महिला ती.

खरी भीती पोटातल्या बाळाची. हा विषाणू १९४७ साली युगांडातल्या झिका जंगलात एका माकडात सापडला. पुढची कित्येक वर्षं त्याला किरकोळ ताप समजलं गेलं. २०१५ मध्ये ब्राझीलच्या डॉक्टरांना एकामागून एक लहान डोक्याची बाळं दिसू लागली. बऱ्याच आयांना गरोदरपणात पुरळ आलेलं होतं. मग गर्भजलात आणि बाळाच्या मेंदूत विषाणू सापडला. १ फेब्रुवारी २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली. विषाणू वार ओलांडून बाळापर्यंत जातो आणि ज्या पेशींपासून मेंदू घडायचा त्यांनाच मारतो. मेंदू वाढला नाही की कवटीही वाढत नाही. पहिले तीन महिने सगळ्यात धोक्याचे. काही बाळांचं डोकं नीट असतं, पण नजर किंवा ऐकणं कमी असल्याचं नंतर कळतं.

तरीही लागण झाली म्हणजे बाळाला इजा झालीच, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने अशा १०० बाळांपैकी ५ ते १५ बाळांना त्रास होतो. २०२४ च्या साथीत त्या वर्षअखेरपर्यंत लहान डोक्याच्या बाळाची नोंद झाली नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवं.

अडचण होते ती तपासणीत. गरोदर बाईला ताप आला की डेंग्यूची टेस्ट होते, ती निगेटिव्ह आली की घरी पाठवतात. डेंग्यूच्या टेस्टमध्ये झिका कळत नाही. त्याची पीसीआर चाचणी वेगळी, आणि रक्तातून ती साधारण पहिल्या आठवड्यातच नीट लागते. गोराईतून लाँचने खाडी ओलांडून बोरिवलीला जायचं, तर "बघू दोन दिवस" म्हणण्यात हा आठवडा सहज निघून जातो. ताप किंवा पुरळ दिसलं की आशाताईंना किंवा डॉक्टरांना "झिकाची तपासणी लागेल का" असं थेट विचारता येतं. ३ जुलै २०२४ ला केंद्रानेही राज्यांना गर्भवतींची तपासणी करायला आणि लागण झालेल्या आईच्या बाळाच्या वाढीवर नजर ठेवायला सांगितलं होतं.

एक गोष्ट गावात मोठ्याने कुणी बोलत नाही. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो आणि पुरुषाच्या वीर्यात तो बरेच दिवस राहू शकतो. त्यामुळे बायको गरोदर असताना नवऱ्याला लागण झाली, तर बाळंतपण होईपर्यंत कंडोम लागतो.

लस नाही, खास औषध नाही. फवारणीच्या धुराने उडणारे डास मरतात. पिंपाच्या आतल्या कडेला चिकटलेली अंडी मात्र मरत नाहीत, ती कोरड्यातही काही महिने टिकतात आणि पाणी भरलं की साधारण आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा पिंप काथ्याने आतून घासून, वर फडकं घट्ट बांधावं लागतं.