फितीवर नाव नसते!

जुन्या बाजारात कधी कधी रंगीत फितींची एक लहानशी पट्टी मिळते. सैनिक रोजच्या गणवेशावर पदके न लावता त्यांच्या फितीच लावतो. संग्राहकाला त्यातला प्रत्येक रंग काहीतरी सांगत असतो. गडद निळा, लाल व फिकट निळा असे तीन सारखे पट्टे म्हणजे '१९३९-४५ स्टार'. वाळूच्या रंगावर मधोमध लाल पट्टा म्हणजे 'आफ्रिका स्टार'. मधल्या हिरव्याच्या दोन्ही बाजूंना पांढरा आणि लाल असला, की तो 'इटली स्टार'. तिन्ही फिती एकाच पट्टीवर असल्या, तर जवान आफ्रिका व इटली या दोन्ही आघाड्यांवर होता हे कळते. मराठा पलटणींतले कितीतरी जवान या वाटेने गेले. यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो १९४४ च्या इटलीतील लढाईसाठीच.

पण तो जवान कोण, हे फीत सांगत नाही. नाव व क्रमांक कोरलेला असतो तो पदकावर. पट्टी पदकांपासून दुरावली, की माणूस हरवतो.

तुमच्या घरी आजोबांची अशी पट्टी असेल, तर ती धुऊ नका, फिती सुट्या करू नका. त्यांचे नाव, सैनिकी क्रमांक व पलटण कागदावर लिहून पट्टीसोबत ठेवा. क्रमांक हाती असला, तर रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे चौकशी करता येते. आठवत नसेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा.